नवी चाकं, आतले सेन्सर

गाडीला नवी अलॉय चाकं घालायची ठरली की घरात आणि मित्रांत सगळी चर्चा दिसणाऱ्या गोष्टींची होते. डिझाइन कुठलं, रंग कुठला, सोळा इंची ठेवायची की सतरा, टायर कुठल्या कंपनीचे. चाकाच्या पोटात, व्हॉल्व्हच्या मुळाशी बसलेला, टायरमधल्या हवेचा दाब मोजणारा तीस-चाळीस ग्रॅमचा सेन्सर आठवतो तो जुना टायर मशीनवर चढल्यानंतर, नाहीतर नवी चाकं घालून घरी आल्यावर डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला की. मग पुन्हा टायर उतरवा, पुन्हा बॅलन्सिंग करा, पुन्हा मजुरी द्या. हा सगळा उपद्व्याप टाळता येतो. त्यासाठी सेन्सरचा विचार चाकांची ऑर्डर देण्याआधी करावा लागतो, दुकानात उभं राहून करून चालत नाही.

पहिला प्रश्न अगदी साधा: आपल्या गाडीत सेन्सर आहे का? टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या यंत्रणा दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींचा दिवा सारखाच दिसतो. एका प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, तो बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त वेगाने फिरतो, आणि एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) चाकाजवळचे सेन्सर तो फरक पकडतात.  याला अप्रत्यक्ष पद्धत म्हणतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकात खरा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींवरून गाडीला आकडा कळवतो. ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत ही प्रत्यक्ष पद्धत मिळते. ओळखायची सोपी खूण अशी: स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसत असतील तर सेन्सर आहेत. फक्त दिवा आणि 'सेट' किंवा 'रीसेट'चं बटण असेल तर बहुतेक नाहीत. खात्री मॅन्युअलमध्ये होते.

अप्रत्यक्ष पद्धतीच्या गाडीला नव्या चाकांबरोबर सेन्सर घ्यायची गरजच नसते. तिला एवढंच हवं असतं की गार टायरमध्ये बरोबर हवा भरावी, मग रीसेट करावं आणि काही अंतर गाडी नेहमीसारखी चालवावी, म्हणजे ती नव्या टायरचं फिरणं शिकते. क्रम चुकला, आधी रीसेट आणि मग हवा असं झालं, तर कमी हवाच तिला योग्य वाटत राहते. शिवाय चारही टायरची हवा सारख्या गतीने उतरली तर तिला ते सहज कळत नाही, कारण तुलना करायला बरोबर असा टायरच उरत नाही. अशा गाडीच्या मालकाने महिन्यातून एकदा गेज लावायलाच हवा.

इथून पुढचं सगळं प्रत्यक्ष सेन्सरच्या गाड्यांबद्दल.

ही यंत्रणा सगळीकडे पोहोचली त्यामागे अमेरिकेतली दुर्घटनांची मालिका आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरची पट्टी सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, आणि २००० साली तिथल्या संसदेने ट्रेड (TREAD) अ‍ॅक्ट हा वाहनसुरक्षेचा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमाने २००८ च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या प्रवासी कारला ती लागते. आपल्याकडे सरसकट सक्ती आली नाही. जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला तो असा: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाब कळवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल. म्हणजे स्टेपनी नसलेल्या गाडीत हा सेन्सर शोभेचा राहिला नाही. हवा कमी होतेय हे वेळेत कळणं, एवढ्यावरच तिथे सगळी मदार असते.

सेन्सरच्या आत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय हे ओळखणारा भाग, छोटा ट्रान्समीटर आणि नाण्याएवढी लिथियम बॅटरी असते. सगळं रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असतं. गाडी उभी असली की सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो. वेग साधारण २५ ते ४० किलोमीटरच्या पुढे गेला की जागा होतो आणि मिनिटाला एखादा निरोप पाठवतो. दाब झपाट्याने उतरू लागला तर लगेच आणि वारंवार कळवतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, बहुतेक वेळा आठ आकडे-अक्षरांचा, आणि तो सेन्सरच्या अंगावर छापलेला असतो. गाडी फक्त ओळखीच्या क्रमांकांचं ऐकते. नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची हवा आपल्या स्क्रीनवर दिसली असती.

बॅटरी बदलता येत नाही, आणि नव्या चाकांच्या वेळचा खरा निर्णय यावरच ठरतो. सेन्सरचं आयुष्य ढोबळमानाने पाच ते दहा वर्षं. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे आधी जातात, रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीचे उशिरा. चारही एकाच दिवशी बसवलेले असल्यामुळे एक गेला की बाकीचेही फार मागे नसतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर जुने सेन्सर नव्या चाकांत घाला, फक्त व्हॉल्व्हचे सुटे भाग नवे लावा. गाडी सहा-सात वर्षांची झाली असेल तर चारही सेन्सर नवेच घ्या. टायर आत्ता उतरणारच आहे, बॅलन्सिंग आत्ता होणारच आहे. आज वाचवलेला सेन्सर आठ महिन्यांनी गेला तर ही सगळी मजुरी त्या एका चाकासाठी पुन्हा पडते. मधल्या वयाच्या गाडीचं काय ते वापरावर ठरवा.

जुने सेन्सर ठेवायचे असोत वा बदलायचे, टायरला हात लावण्याआधी चारही चाकं टीपीएमएस (टायरचा दाब कळवणारी यंत्रणा) टूलने वाचून घ्या. हे हातातलं यंत्र टायरच्या कडेला व्हॉल्व्हजवळ धरायचं. ते १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन झोपलेल्या सेन्सरला उठवतं आणि क्रमांक, दाब, तापमान दाखवतं. बऱ्याच सेन्सरांत बॅटरी ठीक आहे की उतरलीय तेही कळतं. चारही क्रमांक कोणत्या चाकात कोणता असे कागदावर लिहून ठेवा. दुकानात हे यंत्र नसेल तर ते दुकान टायर बसवण्यात कितीही तरबेज असो, या कामासाठी दुसरं शोधा. आधी वाचलं नसेल तर काम संपल्यावर एखादा सेन्सर बोलेनासा झाला की तो आधीच मेलेला होता की आत्ता मशीनवर मोडला, हा वाद सुटत नाही.

नवे घ्यायचे असतील तर पहिली बघायची गोष्ट फ्रिक्वेन्सी. भारतात आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ, अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या बऱ्याच गाड्यांना ३१५. न्यू जर्सीहून येणाऱ्या भावाला किंवा मेहुण्याला 'तिकडे स्वस्त मिळतात, चार घेऊन ये' असं सांगण्याआधी सेन्सरवरचा आकडा बघायला लावा. ३१५ चा सेन्सर इथल्या गाडीत बसतो नीट, मोजतो नीट, बोलतोही. गाडीला ते ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट पार्ट क्रमांक. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत वेगळे सेन्सर असू शकतात. कंपनीचा मूळ सेन्सर घेतला तर प्रश्न उरत नाही. दुसरा चांगला पर्याय प्रोग्राम करता येणाऱ्या सेन्सरचा. ऑटेल, श्रेडर, हुफ यांचे असे सेन्सर येतात. ते कोरे असतात. टूलने त्यात आपल्या गाडीची भाषा भरायची आणि हवं तर जुन्या सेन्सरचाच क्रमांक उतरवायचा. जुना क्रमांक उतरवला की गाडीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं, नव्याने नोंदणी करावी लागत नाही. आधी कागदावर लिहून ठेवलेले क्रमांक इथे उपयोगी पडतात, विशेषतः जुना सेन्सर पुरता मेला असेल आणि यंत्राला उत्तरच देत नसेल तेव्हा. असा क्रमांक उतरवला असेल तर जुना सेन्सर दुसऱ्या चाकात घालून त्याच गाडीच्या आसपास वापरू नका. एकाच नावाने दोघं बोलू लागले की गाडी गोंधळते.

आता चाक. अलॉय निवडताना दुकानदाराला व्हॉल्व्हच्या भोकाबद्दल विचारा. प्रवासी गाडीच्या चाकाचं भोक साधारण ११.३ मिलिमीटरचं असतं. सेन्सर दोन प्रकारच्या दांड्यांवर येतात. एक रबरी, ओढून बसवायची. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरून नट आवळायची. काही अलॉयमध्ये व्हॉल्व्हभोवतीचा खड्डा इतका अरुंद असतो की नट किंवा त्यावर बसणारा सॉकेट आत जात नाही. तिथे रबरी दांडीच लागते. दुसरी अडचण आतल्या बाजूची. सेन्सरचं अंग रिमच्या खोलगट भागात बसलं पाहिजे, टायरची कड जिथे बसते त्या पातळीच्या वर डोकं काढता कामा नये. त्याने रिमला घट्ट दाबूनही बसू नये. डोकं वर राहिलं तर टायर चढवताना कड त्यावरून घासत जाते आणि प्लास्टिक फुटतं. घट्ट टेकलं तर खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी दांडीचं मूळ थकतं. म्हणून चारही चाकं विकत घेण्याआधी एका रिकाम्या रिममध्ये एक सेन्सर हाताने लावून बघू द्या, असा आग्रह धरा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत.

चाकं पावडर कोटिंग करून घेतलेली असतील तर आणखी एक जागा बघायची. व्हॉल्व्हच्या भोकाभोवती जिथे रबरी वॉशर बसतो तिथे रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडून सपाट, स्वच्छ धातू करून घ्या. रंगावर नट आवळला की त्या दिवशी घट्ट वाटतं. नंतर उष्णतेने आणि दाबाने रंगाचा थर चेपतो, नटाची पकड ढिली होते आणि आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा कुठे जातेय ते सापडत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीचे सुटे भाग पाच: मुळाशी रबरी वॉशर, धातूचा वॉशर, नट, आतला व्हॉल्व्हकोर आणि वरची टोपी. हे भाग संच म्हणून मिळतात, सेन्सरच्या मानाने स्वस्त असतात, आणि टायर उतरला की दरवेळी बदलायचे असतात. रबर एकदा दबलं की त्याच आकारात राहतं. पुन्हा आवळून ते सील करत नाही. 'अजून चांगलं आहे' असं म्हणत जुनाच संच लावून दिला जातो तिथे थांबवा.

यातल्या व्हॉल्व्हकोरकडे जरा जवळून बघा. टोपी काढा आणि आतली पिन पाहा. सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम दांडीत निकेलचा मुलामा असलेला, चंदेरी दिसणारा कोर हवा. साध्या रबरी व्हॉल्व्हमध्ये असतो तो पितळेचा, सोनेरी. दिसायला मापाने सारखाच, आटे तेच, बसतोही सहज, म्हणून पंक्चरच्या दुकानात गळका कोर बदलताना डब्यातला पितळी उचलून घातला जातो. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, वर दमट खारी हवा. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला, पणजी, कुठेही हे गणित तेच. दोन धातूंत गॅल्व्हॅनिक क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. एक-दोन पावसाळे गेले की आट्यांत पांढुरकी भुकटी धरते आणि कोर जागच्या जागी जाम होतो. पुढच्या वेळी कोर काढायला जोर लावला की कोर फिरत नाही, दांडीच पिळवटून तुटते. हवा एका दमात जाते आणि चांगला चालणारा सेन्सर फेकावा लागतो. धातूच्या झकपक टोप्यांचंही असंच होतं, त्या दांडीलाच चिकटून बसतात. टोपी प्लास्टिकची, आत रबरी चकती असलेली लावा. ती दिसायला साधी असते, पण पावसाचं पाणी आणि मीठ आत जाऊ देत नाही.

बसवताना ताकदीचा अंदाज फार चुकतो, कारण हात चाकाच्या नटांना सरावलेले असतात. चाकाचे नट शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा वर आवळतात. सेन्सरच्या दांडीचा नट गाडीप्रमाणे साधारण ४ ते ८. सेन्सर दांडीला धरून ठेवणारा बारीक टॉर्क्स स्क्रू असतो, त्याला तर दीडच्या आतबाहेर पुरतं. कोर अर्ध्या न्यूटन-मीटरच्याही आत. हे काम छोट्या टॉर्क रेंचने करायचं, न्यूमॅटिक गनने कधीही नाही. आधी हाताने नट लावा, सेन्सरचं अंग रिमच्या तळाकडे सारून धरा, ते फिरणार नाही असं पकडून मग सांगितलेल्या टॉर्कला आवळा. काही नटांच्या आत एक कच्चा कडा असतो, तो आवळताना 'टक्' करून तुटतो. ते तुटणं अपेक्षितच आहे, त्याने घाबरून मध्येच थांबू नका. नंतर गळती सापडली तर नट अजून आवळणं हा उपाय नव्हे. संच बदलून पुन्हा बसवा.

सेन्सर सगळ्यात जास्त मोडतात ते टायर काढताना आणि चढवताना. मशीनवर कड सोडवणारा पंजा व्हॉल्व्हच्या जागी कधीच दाबायचा नाही. व्हॉल्व्ह पंजापासून किमान पाव फेरा दूर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना हे पाळायचं. पंजा आतपर्यंत खोल सरकू द्यायचा नाही, कड सुटली की थांबायचं. टायर चढवताना सूत्र एकच: कड ताणून शेवटची जिथे आत जाते त्या टप्प्यात सेन्सर येता कामा नये. टॉमी घालून हाताने टायर काढणाऱ्या ठिकाणी सेन्सरचं चाक देऊच नका. रस्त्यावर पंक्चर झालं तर बाहेरून दोरी भरून घेण्याने सेन्सरला काही होत नाही, टायर रिमवरच राहतो. मात्र व्हॉल्व्हमधून ओतायचं सीलंट वापरलं तर सेन्सरचं दाब मोजायचं बारीक छिद्र बुजू शकतं. गाडीसोबत आलेल्या किटमधलं सीलंट अडीअडचणीला वापरावं लागलंच, तर टायर दुरुस्तीला देताना ते सांगा, म्हणजे आतून पुसून सेन्सर तपासता येईल.

टायर बसला, हवा भरली की व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि टोकाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग बॅलन्सिंग. रबरी दांडीऐवजी धातूची किंवा वेगळा सेन्सर आला की वजन बदलतं, म्हणून जुन्या चाकाचे आकडे उपयोगाचे नाहीत. चारही टायर गार असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरचा साइज बदलला असेल तर त्या साइजसाठी कंपनीने दिलेला आकडा वापरा.

शेवटचा टप्पा नोंदणीचा, आणि इथे गाडीगणिक पद्धत वेगळी. काही गाड्या आपोआप शिकतात. वीस-तीस मिनिटं बऱ्या वेगाने, न थांबता चालवली की नवे क्रमांक ओळखतात. पुण्याच्या पेठांत सिग्नलमागून सिग्नल करत तासभर फिरवून हे होत नाही, बायपासवर न्यावी लागते. काही गाड्यांत मेन्यूतून शिकण्याची अवस्था चालू करून टूलने एकेक चाक ठरलेल्या क्रमाने उठवावं लागतं. काहींमध्ये ओबीडी पोर्टला (गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला) यंत्र जोडून क्रमांक थेट लिहितात. आपल्या मॉडेलची पद्धत कोणती ते चाकं घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा. झाल्यावर एक परीक्षा घ्या: पुढच्या डाव्या चाकातली तीन-चार पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा आणि स्क्रीनवर तोच कोपरा घटतोय ना ते बघा. मागचा उजवा घटताना दिसला तर जागा चुकल्या आहेत. मग हवा पुन्हा भरा.

दिवा काय सांगतो तेही ओळखायला हवं. सुरू करताच दिवा लागून स्थिर राहिला तर कुठल्यातरी टायरची हवा कमी आहे. साधारण मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे. सेन्सर मेलेला, बिनओळखीचा किंवा नाहीच. अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा सांगितलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. म्हणजे ३३ पीएसआयच्या गाडीत दिवा २५ च्या आसपास लागेल. २७ वर समृद्धीवरून भरल्या गाडीने उन्हात सलग जाणं धोक्याचं आहे, दिवा लागलेला नसला तरी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात कडेला जास्त वाकतो, त्या वाकण्याने तापतो आणि आतले थर सुटतात.

एका जुगाडाबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. नव्या चाकांत सेन्सर न घालता जुने चारही सेन्सर पीव्हीसी पाइपात बंद करून, त्यात ३३ पीएसआय हवा भरून तो पाइप डिकीत ठेवतात. त्याने बऱ्याचदा दिवा लागत नाही हे खरं. पण टायर बसत चालला असताना स्क्रीन चारही कोपऱ्यांत ३३ दाखवत राहते, आणि गाडी पुढे कुणी विकत घेतली तर त्या कुटुंबाला हे कधी कळणारही नाही. सेन्सर नको असतील तर दिवा लागू द्या.

घाट चढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सेन्सर मुळात निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वातापासून धरलेला दाब मोजतो. पंपावरचा गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून सांगतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कोकणापेक्षा दोन पीएसआयने कमी असतो. ज्या गाड्या उंचीचा हिशेब धरत नाहीत, त्यांत वर गेजने बरोबर ३३ भरले तरी स्क्रीन ३१ च्या आसपास दाखवते. शिवाय तापमान सुमारे सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय आणखी कमी. डिसेंबरच्या पहाटे वर उभ्या गाडीचा आकडा घसरलेला दिसला तर आधी हा हिशेब करा, लगेच सेन्सरला दोष देऊ नका.

राहिली स्टेपनी. बऱ्याच गाड्यांत ती लोखंडी रिमची, सेन्सर नसलेली असते. ती लावली की दिवा लुकलुकणार, त्यात बिघाड काही नाही. नव्या अलॉयना वेगळे नट किंवा बोल्ट लागत असतील तर ते स्टेपनीच्या लोखंडी रिमला बसतात का हे नवी चाकं घालण्याच्याच दिवशी प्रत्यक्ष लावून बघा. बसत नसतील तर जुने नट स्टेपनीच्या कप्प्यात ठेवा आणि सेन्सरच्या क्रमांकांचा तो कागद, बसवल्याची तारीख घालून, मॅन्युअलच्या पाकिटात.